कोरड्या चेहऱ्यासाठी स्वस्तातलं मॉइश्चरायझर: निवड, हिशेब आणि लावायची पद्धत

डिसेंबर लागला की धुळे-शिरपूरकडे सकाळी मोरीतल्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली गोठलेली सापडते. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होतं, म्हणून बाटली गरम पाण्यात बुडवल्याशिवाय थेंब हाती येत नाही. त्याच सकाळी तोंड धुऊन पुसलं की गाल ओढल्यासारखे होतात आणि हसताना ओठाचा कोपरा उलतो. मग संध्याकाळी दुकानातून एखादी चकचकीत डबी घरी येते. पंधरा दिवसांनी डबी अर्धी आणि चेहरा होता तसाच. अशा वेळी ‘स्वस्तातलं होतं म्हणून लागू पडलं नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर बहुतेकदा घोळ साबणात, लावण्याच्या वेळेत आणि प्रमाणात असतो. तिथे दुरुस्ती केली तर मेडिकलमधलं साधं क्रीमही थंडी निभावून नेतं.

आधी चेहरा कोरडाच आहे ना, ते बघा

रात्री तोंड साध्या पाण्यानं धुवा, मऊ कापडानं टिपून घ्या, काहीही लावू नका आणि अर्धा तास पंख्याखाली न बसता थांबा. गाल, कपाळ, तोंडाच्या कडा अशा सगळ्याच जागा ताणल्यासारख्या वाटल्या तर त्वचा कोरडी. नाक आणि कपाळ तुकतुकीत, फक्त गाल ताणलेले, तर मिश्र. कानाजवळ गालाच्या कडेला नखानं हलकी रेघ ओढून बघा. पांढरी रेघ उमटून राहिली तर वरचा थर सुकलेला आहे.

कोरडेपणासारख्या दिसणाऱ्या काही गोष्टी मात्र वेगळ्या असतात. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि भुवयांत पिवळसर, तेलकट खपल्या, खाली लाली आणि डोक्यात कोंडा असेल तर तो कोंड्याचाच भाऊबंद आहे. त्यावर खोबरेल चोपडलं की तो आणखी फोफावतो. कडा उठावदार, मध्ये साफ आणि खाज सुटणारा गोल चट्टा बहुतेक वेळा गजकर्ण असतो. शाळकरी पोरांच्या गालावर फिकट पांढरे डाग दिसले की घरोघरी ‘कॅल्शियम कमी झालं’ किंवा ‘पोटात जंत झाले’ असं निदान होतं. त्यातले बरेचसे डाग कोरड्या त्वचेचे असतात. रोज क्रीम आणि उन्हापासून बचाव केला तर काही महिन्यांत रंग भरून येतो. डाग सुन्न वाटत असेल, तिथे टोचलेलं कळत नसेल, तर मात्र आरोग्य केंद्रात दाखवायला उशीर करू नका.

क्रीम नेमकं काय करतं

माठ डोळ्यांपुढे आणा. एप्रिलमध्ये जळगावच्या झळांत माठातलं पाणी गार होतं, कारण माठ पाझरतो आणि कोरडी हवा ते पाणी ओढून घेते. चेहऱ्याचंही तेच होतं. त्वचेतून पाणी सतत हवेत जात असतं. हवा जितकी कोरडी तितकं जास्त. आपल्याकडे थंडीतही हवा कोरडी आणि मार्च ते मेही कोरडी, म्हणून ‘उन्हाळ्यात क्रीम कशाला’ हा हिशेब खान्देशात चुकतो.

चांगल्या क्रीममध्ये तीन तऱ्हेचे घटक लागतात. पाणी धरून ठेवणारे: ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, हायलुरॉनिक ॲसिड, युरिया. भेगा बुजवून मऊ करणारे: सेटिल अल्कोहोल, स्टिअरिक ॲसिड, शिया बटर, सेरामाइड. वरून झाकण घालणारे: पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन, मेण. तेल चोपडलेला माठ पाझरत नाही, तसं काम या तिसऱ्या गटाचं. नुसतं ग्लिसरीन लावलं आणि वर झाकण नसलं तर कोरड्या हवेत ते त्वचेच्या आतल्या थरातलंच पाणी वर खेचतं आणि चेहरा चिकट होऊनही ताणतो. नुसतं तेल लावलं तर उलटी गत: झाकण आहे, पण खाली पाणीच नाही.

किंमत डबीची बघू नका, महिन्याची बघा

आता पैशाचा हिशेब. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून क्रीमची रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा लागतात, म्हणजे सव्वा ग्रॅम. सकाळ-रात्र लावलं तर दिवसाला अडीच आणि महिन्याला ७५ ग्रॅम. आपल्यापैकी बरेच जण वाटाण्याएवढं क्रीम घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पसरवतात आणि ‘५० ग्रॅमची डबी तीन महिने पुरली’ म्हणून खूश होतात. ती पुरली, कारण ती लावलीच गेली नाही.

हिशेबापुरते आकडे धरू. २० ग्रॅमची ट्यूब ७० रुपये, म्हणजे ग्रॅमला साडेतीन रुपये आणि महिन्याला २६२ रुपये ५० पैसे. १०० ग्रॅमची ट्यूब २१० रुपये, म्हणजे महिन्याला १५७ रुपये ५० पैसे. ३०० ग्रॅमची पंपाची बाटली ३९० रुपये. खिशातून एकदम जास्त जातात, पण महिन्याला पडतात ९७ रुपये ५० पैसे आणि ती चार महिने चालते. सत्तर रुपयांची ‘स्वस्त’ ट्यूब या तिघांत सगळ्यात महाग.

हा भागाकार करायला मोबाइल काढायचीही गरज नाही. वेष्टनावर एमआरपीजवळ ‘युनिट सेल प्राइस’ किंवा ‘यूएसपी’ असा बारीक आकडा असतो: ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती रुपये. तो छापावा लागतो. दोन डब्या शेजारी धरून हा एकच आकडा ताडून बघा. मोठी डबी दर वेळी स्वस्त पडतेच असं नाही. कधी कधी दहा रुपयांचं पाऊच ग्रॅममागे खाली उतरतं. ‘फेस’ हा शब्द नावात आला की बऱ्याचदा ग्रॅमचा भाव चढतो, घटक मात्र त्याच कंपनीच्या बिनवासाच्या बॉडी क्रीमसारखेच असू शकतात. मागची यादी ताडून पाहिली की कळतं.

लेबलाची मागची बाजू

पुढच्या बाजूला केशर, बदाम, मध, गुलाब, जे हवं ते असतं. खरं काय ते मागे, बारीक अक्षरांत. यादी इंग्रजीत असते, पण दहा-बारा शब्द ओळखता आले की काम भागतं. फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून मोठा केला तर चष्म्याशिवायही वाचता येते.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात. एक टक्क्याच्या आतले शेवटी येतात आणि त्यांचा आपसातला क्रम कसाही चालतो. पहिलं नाव बहुतेक ‘ॲक्वा’ किंवा ‘वॉटर’. त्यानंतर पहिल्या चार-पाचांत ग्लिसरीन हवं आणि पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेली), लिक्विड पॅराफिन (याचंच दुसरं नाव मिनरल ऑइल) किंवा डायमेथिकोन यांपैकी एक तरी हवं. एवढं जुळलं की कोरड्या त्वचेची मुख्य गरज भागली.

एक युक्ती लक्षात ठेवा. ‘फिनॉक्सिइथेनॉल’ हे क्रीम टिकवण्यासाठी घालतात आणि ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे लिहिलंय ते एक टक्का किंवा त्याहून कमी. डबीवर बदामाचं मोठं चित्र आणि बदाम तेल मात्र फिनॉक्सिइथेनॉलच्या नंतर, असं दिसलं तर चित्राचे पैसे कशाला द्यायचे? सेरामाइड मात्र थोडं असूनही उपयोगी पडतं, म्हणून ते शेवटी दिसलं तर लगेच नाक मुरडू नका. पण केवळ सेरामाइडसाठी दुप्पट भाव द्यायचा तर आधी ग्लिसरीन आणि झाकणवाला घटक वरच्या नावांत आहे ना, ते बघा.

‘अल्कोहोल’ शब्दावरून फार गोंधळ होतो. सेटिल, सिटेरिल, स्टिअरिल अल्कोहोल हे मेणचट, मऊ करणारे घटक आहेत. कोरड्या त्वचेला चांगले. ‘अल्कोहोल डिनॅट’ किंवा ‘एसडी अल्कोहोल’ हा उडून जाणारा, सुकवणारा. तो यादीत वर असेल तर ती डबी परत फळीवर.

‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ लिहिलेलं शक्यतो नको. धडधाकट त्वचेला सुगंध चालून जातो, पण तडकलेल्या गालावर तोच चुरचुरतो आणि ॲलर्जीही उठवू शकतो. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढंच. मूळ वास दाबायला सुगंध घातलेला असू शकतो. म्हणून यादीत तो शब्द नाही ना, हेच बघा. मुरुम येणाऱ्यांनी ‘आयसोप्रोपिल मायरिस्टेट’ वरच्या नावांत असलेलं टाळावं. युरिया ५ टक्क्यांपर्यंत चेहऱ्याला चालतो, पण भेगांवर झोंबतो.

घटकांखेरीज बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, वापरायची मुदत आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक तपासा. यातलं एकही खोडलेलं, चिकटपट्टीखाली झाकलेलं किंवा पुसट असेल तर घेऊ नका. आठवडे बाजारात उन्हात मांडलेल्या डब्यांचा भाव आणखी दहा रुपयांनी कमी असला तरी नकोच. चाळिशीपारच्या उन्हात क्रीमचं पाणी आणि तेल वेगळं होतं. डबी उघडल्यावर कडेला तेलाचा पिवळट थर किंवा रवाळ गोळे दिसले तर समजा की ती उन्हात बसली आहे.

मेडिकलमध्ये काय मागायचं

सगळ्यात कमी गाजावाजा आणि सगळ्यात जास्त उपयोग असलेली चीज औषधाच्या दुकानात मिळते: व्हाइट सॉफ्ट पॅराफिन (म्हणजे पेट्रोलियम जेलीच) आणि लाइट लिक्विड पॅराफिन असलेलं साधं इमोलिएंट, म्हणजे त्वचा मऊ करणारं, क्रीम. बऱ्याच ट्यूबांवर १३.२ टक्के आणि १०.२ टक्के असे आकडे छापलेले असतात. काउंटरवर ‘पॅराफिनवालं मॉइश्चरायझिंग क्रीम, बिनवासाचं’ एवढं सांगितलं तरी पुरतं. दुकानदार पटकन दुसरीच महागडी ट्यूब पुढे करील. ती उलटी करून यादी वाचा.

त्यानंतरचा पर्याय ग्लिसरीन आणि डायमेथिकोनवालं लोशन. हलकं असतं, दिवसा चिकटत नाही, मिश्र त्वचेला बरं. आणि तिसरी गोष्ट साधी पेट्रोलियम जेली, जिला आपण सगळे व्हॅसलिनच म्हणतो. ती मॉइश्चरायझरच्या जागी नको, वरून झाकण म्हणून वापरा. तिच्यानं रोमछिद्रं बुजतात ही भीती अनाठायी आहे, फक्त तेलकट वाटते.

व्हॅनिशिंग क्रीम ‘मॅट’ दिसण्यासाठी असतं, कोरड्या चेहऱ्याला ते पुरत नाही. कोल्ड क्रीम चालतं, पण बहुतेकांत सुगंध भरपूर. जेल उन्हाळ्यात गार वाटतं आणि दुपारपर्यंत गाल पुन्हा ताणतात.

एका गोष्टीपासून मात्र चार हात लांब राहा. ‘लावलं की दोन दिवसांत चेहरा मऊ आणि उजळ’ अशी ख्याती असलेल्या स्वस्त ट्यूबा पुष्कळदा स्टेरॉइडच्या असतात. नावाच्या खाली बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं आणि उभी लाल पट्टी असली, तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे. पहिले काही आठवडे चेहरा खरंच छान दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतो आणि ट्यूब बंद केली की चेहरा भाजल्यासारखा पेटतो. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो.

आधी कोपराच्या खोबणीत, मग गालावर

नवं क्रीम एकदम चेहऱ्यावर नको. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खोबणीजवळ, रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावा. एकदाच लावून ‘काही झालं नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. ॲलर्जीला कधी कधी चार-पाच दिवस लागतात. लाली, खाज, बारीक पुटकुळ्या आल्या नाहीत तर पुढचे तीन दिवस फक्त जबड्याच्या एका बाजूला, आणि मगच पूर्ण चेहरा. तडकलेल्या त्वचेवर पहिल्या मिनिटाला थोडं चुरचुरतं, ते चालतं. पाच मिनिटांनंतरही आग होत असेल तर धुऊन टाका. म्हणूनच पहिल्यांदा सगळ्यात छोटी ट्यूब आणा. मोठी बाटली नंतर.

तोंड धुण्यापासून सुरुवात

अंगाच्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९ ते १० असतो, त्वचेचा साडेचार ते साडेपाच. त्यात बोअरचं जड पाणी आलं की साबण आणि क्षार मिळून चिवट साका होतो आणि तो गालावर बसतो. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर तुमचं पाणी जड आहे. अशा घरी सकाळी तोंड नुसत्या पाण्यानं धुवा, साबणाऐवजी संध्याकाळी एकदाच सोप-फ्री क्लीन्सर वापरा आणि शेवटचा तांब्याभर हबका जारच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा मारा. बंबातलं कढत पाणी अंगावर घ्या, तोंडावर कोमटच. दाढीनंतर सलूनमध्ये तुरटी फिरवतात, ती कोरड्या गालाला आणखी आवळते. नको म्हणून सांगा.

पुसताना रगडू नका, टिपा. चेहरा अजून ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावायचं. बाथरूममधून बाहेर येऊन, केस विंचरून, चहा घेऊन मग लावलं तर ते पाणी उडून गेलेलं असतं. क्रीमची डबी आरशाजवळ न ठेवता मोरीच्या फळीवर ठेवा, म्हणजे आपोआप वेळेत लागतं. अडीच रेघा पाच ठिकाणी टिपक्यांनी ठेवा: कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी, मान. मग हलक्या हातानं पसरा. डबीत बोटं घालायची असतील तर ती कोरडी आणि धुतलेली. शक्य तर चमचा वापरा.

रात्री गाल फार तडकले असतील तर क्रीमवर दहा मिनिटांनी हरभऱ्याएवढी पेट्रोलियम जेली तळहातावर वितळवून फक्त कोरड्या जागी दाबून लावा. ओठ, नाकपुड्यांच्या कडा आणि डोळ्यांखालचं हाड, एवढ्या जागा पुरे.

चुलीवर भाकरी करणाऱ्यांसाठी एक सूचना. पॅराफिनची क्रीमं टॉवेल, पदर, उशीच्या अभ्र्यात मुरतात आणि असं कापड पेट घेतलं तर झपाट्यानं जळतं. क्रीम लावलेला हात-तोंड पदराला पुसून चुलीपुढे बसू नका आणि ते कपडे लवकर, शक्यतो गरम पाण्यात, धुवा.

ऋतूप्रमाणे फेरफार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी घट्ट क्रीम दोन वेळा, रात्री जेलीचं झाकण. मोटारसायकलवरून जाताना तोंडाला रुमाल बांधा. यावल-चोपड्याच्या रस्त्यावर पहाटेचा वारा क्रीमलाही दाद देत नाही. मार्चपासून सकाळी हलकं लोशन, त्यावर दहा-पंधरा मिनिटांनी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, रात्री पूर्वीचंच क्रीम. कूलर खोलीत थोडा ओलावा सोडतो, एसी तो काढून घेतो; एसीत बसून काम असेल तर दुपारी एकदा पुन्हा लावा. फक्त कूलरचा झोत थेट तोंडावर नको. पावसाळ्यात बहुतेकांना दिवसातून एकदा पुरतं. गाडीच्या डिक्कीत ट्यूब ठेवण्याची सवय मे महिन्यात सोडा.

घरचं काय चालतं

ग्लिसरीन आणि गुलाबपाणी चालतं, प्रमाण मात्र पाळा: एक चमचा ग्लिसरीनला चार चमचे गुलाबपाणी. आठवड्यापुरतंच बनवा आणि फ्रिजमध्ये ठेवा, कारण यात टिकवणारं काहीच नाही. ओल्या चेहऱ्यावर लावून वर क्रीम किंवा दोन थेंब तेल हवंच. खोबरेल बऱ्याच जणांना मानवतं, मुरुमवाल्यांना नाही.

साय थोडा वेळ मऊपणा देते, पण ताजी हवी आणि भेगा असतील तर नकोच. बेसन, मुलतानी माती आणि लिंबू ही तेलकट चेहऱ्याची त्रयी. कोरड्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. दिवाळीचं उटणं वर्षातून चार दिवस पुरे. कोरफड कापल्यावर पिवळा चीक निघतो, तो पूर्ण निथळून-धुऊन टाकल्याशिवाय गर लावलात तर खाज येईल. आणि केळ्याचा लेप? जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते खाण्याच्या गुणांवर. गालापेक्षा पोटात गेलेलं बरं.

इतकं करून उतार पडला नाही तर

वर सांगितलेलं प्रमाण आणि वेळ नीट सांभाळली तर ताणल्यासारखं वाटणं दोन-तीन दिवसांत कमी होतं, खपल्या जायला दोन आठवडे लागतात. चार आठवड्यांनीही फरक नसेल, भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल, रात्री खाजेनं झोपमोड होत असेल, किंवा चेहऱ्यासोबत थकवा, वजन वाढणं, केस गळणं हेही असेल (थायरॉइडमध्ये असं होतं), तर आणखी क्रीमं पालटण्यात पैसे घालवू नका. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगाव, नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, तिन्हीकडे त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. निघताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या पिशवीत घालून न्या, संपलेल्यासुद्धा, आणि त्या सकाळी चेहऱ्याला काही लावू नका.